‘सध्या काय ऐकता आहात?’ : पाकिटांतून घडलेल्या एका संगीताचा इतिहास

१/
‘सध्या काय ऐकता आहात?’ एक्स्ट्रीम मेटलचे दोन चाहते भेटले की हवापाण्याच्या गोष्टींआधी हा प्रश्न येतो. उत्तरादाखल पाचसात नावे येतात: बँड, अल्बम, साल, देश. ऐकणारा त्यांतली दोन ओळखतो, तिसऱ्याला मान डोलावतो आणि चौथे टिपून घेतो. बाहेरच्या माणसाला ही नुसती जंत्री वाटते; काहींना तर तो शेखी मिरवण्याचा प्रकार वाटतो. या धाग्याचे प्रतिपादन निराळे आहे. हे संगीत आज ज्या रूपात आहे ते रूप त्याला बहुतांशी अशा जंत्र्यांनीच दिले. म्हणून त्या इतिहासाचे साधन ठरतात, आणि ते साधन आज हातातून निसटते आहे.

२/
प्रथम परिभाषा. ‘एक्स्ट्रीम मेटल’ हे १९८० च्या दशकात हेवी मेटलमधून फुटलेल्या अनेक शाखांचे सामायिक नाव. थ्रॅश, डेथ, ब्लॅक, डूम आणि पंकशी सोयरीक असलेला ग्राइंडकोअर या त्यांतल्या प्रमुख शाखा. लय अतिद्रुत, डूममध्ये अतिविलंबित. गिटारचा नाद खरखरीत. गायन म्हणजे गुरगुर वा किंकाळी. विषय मृत्यू, युद्ध, व्याधी, सैतान. असे संगीत रेडिओवर लागण्याची आशा नव्हती आणि मोठ्या कंपन्यांना त्यात नफा दिसत नव्हता. तरीही दहा-पंधरा वर्षांत ते फ्लोरिडा, बर्मिंगहॅम, बेलो होरिझोंते, बुडापेस्ट आणि ऑस्लो येथे एकाच वेळी वाढत होते. हे कसे घडले, हा खरा प्रश्न.

३/
उत्तराची सुरुवात एका वस्तूपासून होते. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात छोटी कॅसेट मांडली. सोनीचा वॉकमन १९७९ मध्ये आला. पुढे दोन कप्प्यांचे टेपरेकॉर्डर घरोघर पोहोचले आणि एका कॅसेटवरून दुसरी भरणे शाळकरी मुलालाही जमू लागले. कंपन्या धास्तावल्या. ब्रिटनमधील ध्वनिमुद्रिका उद्योगाच्या संघटनेने १९८१ मध्ये मोहीम काढली: घरी केलेल्या प्रती संगीताचा जीव घेत आहेत, असा तिचा आशय होता. बोधचिन्ह होते कॅसेट आणि तिच्याखाली दोन आडवी हाडे. कवटीहाडांची आवड असलेल्या श्रोत्यांना हे चिन्ह भीतिदायक वाटले असेल, हे संभवत नाही.

४/
योगायोग असा की १९८१ हेच साल या संगीताच्या इतिहासातही महत्त्वाचे ठरते. जूनमध्ये लंडनमध्ये ‘केरँग!’ या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला. न्यूकॅसलच्या व्हेनम या बँडचा ‘वेलकम टू हेल’ त्याच वर्षी आला. पुढच्या वर्षीच्या त्यांच्या ‘ब्लॅक मेटल’ या अल्बमच्या नावावरून एका संपूर्ण शाखेचे बारसे झाले. निर्मितीच्या दृष्टीने हे अल्बम ओबडधोबड होते. ते छोट्या कंपनीने काढले होते आणि प्रत्येक गावच्या दुकानात मिळतील अशी सोय नव्हती. ज्याच्या हाती प्रत पडली, त्याने ती इतरांसाठी उतरवून दिली.

५/
यातून उभी राहिली ती कॅसेटींची देवाणघेवाण, म्हणजे ‘टेप ट्रेडिंग’. तिची रीत साधी होती. प्रत्येक जण आपल्या संग्रहाची यादी करी: बँड, डेमो की मैफल, तारीख, मिनिटे, आवाजाची प्रत. ही यादी झेरॉक्स करून तो अनोळखी माणसाला पत्रासोबत पाठवी. समोरच्याची यादी आली की ‘तुझे हे दे, माझे ते घे’ असा करार होई. व्यवहारात पैसा सहसा नसे. वस्तूच्या बदल्यात वस्तू. नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर मागितलेले दोन डेमो भरून जागा उरलीच, तर पाठवणारा तिथे स्वतःच्या आवडीचे काहीतरी भरून टाकी. न मागता मिळालेले हे संगीत पुष्कळदा अधिक दूरवर पोहोचे.

६/
व्यवहार पैशाविना असला तरी टपालाला पैसे लागतच. परदेशी उत्तरासाठी आंतरराष्ट्रीय प्रतिसाद-कूपन पाकिटात घातले जाई. जागतिक टपाल संघाने ही सोय १९०७ पासून सुरू केली होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती या मुलांच्या उपयोगी पडली. दुसरी युक्ती मात्र बेकायदा होती. तिकिटावर गोंदाचा पातळ थर द्यायचा, म्हणजे शिक्का गोंदावर उमटतो. मग तिकीट धुऊन पुन्हा वापरायचे. ‘माझी तिकिटे परत पाठव’ ही या पत्रव्यवहारातील नेहमीची विनंती. इतिहासकाराने ती हसण्यावारी नेऊ नये. पत्र लिहिणारी मुले किती वयाची होती आणि त्यांच्या खिशात किती पैसे होते, हे त्या एका वाक्यातून कळते.

७/
पाकिटात आणखी एक वस्तू असे: तळहाताएवढ्या झेरॉक्स चिठोऱ्यांचा गठ्ठा. त्यांवर कोण्या बँडच्या डेमोची वा फॅनझीनची जाहिरात आणि पत्ता. मिळालेल्या चिठ्ठ्या पुढच्या पाकिटात घालून द्यायच्या, हा अलिखित नियम होता. म्हणजे स्वीडनहून निघालेली चिठ्ठी ब्राझीलला पोहोचेपर्यंत तीनचार देश हिंडलेली असे, आणि ती पाठवणाऱ्याला हे हात कधीच दिसत नसत.

८/
या जाळ्याचे गाजलेले उदाहरण मेटॅलिकाचे. ड्रमवादक लार्स उलरिख हा डेन्मार्कहून लॉस एंजेलिसला आलेला, ब्रिटिश हेवी मेटलच्या नव्या लाटेने झपाटलेला संग्राहक होता. बँडचे नावही त्याला फॅनझीनच्या जगातूनच मिळाले: सॅन फ्रान्सिस्कोचा रॉन किंटाना आपल्या नियतकालिकासाठी नावांचा विचार करीत होता, त्यांतले एक लार्सने उचलले. १९८२ मध्ये बँडने सात गाण्यांचा डेमो ध्वनिमुद्रित केला. तो हातोहात उतरवला जाऊन न्यू जर्सीत जॉन झाझुला या गृहस्थापर्यंत गेला. हे गृहस्थ बाजारात रेकॉर्डींचे दुकान चालवत.

९/
झाझुला दांपत्याने बँडला पूर्व किनाऱ्यावर बोलावले. कोणतीही कंपनी अल्बम काढायला राजी होईना, तेव्हा त्यांनी ‘मेगाफोर्स’ ही स्वतःची कंपनी उभी केली. १९८३ च्या जुलैत ‘किल एम ऑल’ बाहेर पडला. या क्रमाकडे लक्ष द्यावे. आधी श्रोत्यांनी प्रती काढल्या, मग श्रोता-दुकानदाराने कंपनी काढली, मग अल्बम आला. ज्या कृतीने संगीताचा जीव जातो असे कंपन्या सांगत होत्या, त्या कृतीने इथे एक कंपनी जन्माला घातली.

१०/
तरीही मेटॅलिकाचे उदाहरण थोडे फसवे आहे, कारण ती यशाची कथा आहे आणि यशस्वी माणसांचा इतिहास आपोआप लिहिला जातो. जाळ्याची खरी ताकद पाहायची तर त्या काळी ज्यांना यश मिळाले नाही अशांकडे जावे लागते. मिशिगन राज्यातील फ्लिंट या गावचा ‘रिपल्शन’ हा बँड त्यासाठी आदर्श नमुना आहे. फ्लिंट म्हणजे जनरल मोटर्सचे जन्मगाव. १९८० च्या दशकात कारखान्यांतील कामगारकपातीने ते खंगत चालले होते.

११/
या बँडमधील स्कॉट कार्लसन आणि मॅट ऑलिवो १९८५ मध्ये काही काळ फ्लोरिडाला जाऊन चक शुल्डिनर याच्या ‘डेथ’ या बँडमध्ये सामील झाले होते. शुल्डिनरचे डेमो १९८४ पासून पत्रव्यवहाराने फिरत होते. देशाच्या दोन टोकांची मुले एकमेकांना ओळखू लागली ती अशा कॅसेटींमुळे. तो प्रयोग टिकला नाही. दोघे परतले आणि १९८६ मध्ये रिपल्शनने एक अख्खा अल्बम भरेल इतकी गाणी ध्वनिमुद्रित केली. अतिवेगवान ड्रम, चिरफाळलेला बास, भयपटांतील विषय. कोणतीही कंपनी पुढे आली नाही. बँड विखुरला.

१२/
रूढ संगीतेतिहासाच्या हिशेबी ही कथा इथे संपायला हवी: अल्बम नाही, विक्री नाही, म्हणजे प्रभावही नाही. प्रत्यक्षात ध्वनिमुद्रण कॅसेटींवरून अटलांटिक ओलांडून इंग्लंडला गेले. बर्मिंगहॅमच्या ‘नेपाम डेथ’ या बँडभोवतीची मुले ते ऐकत होती. पुढे या बँडचा बासवादक झालेला शेन एम्बरी स्वतः कॅसेटींच्या देवाणघेवाणीत मुरलेला होता आणि रिपल्शनचे ऋण त्याने वेळोवेळी मान्य केले आहे. १९८७ मध्ये नॉटिंगहॅमच्या ‘इअरएक’ कंपनीने नेपाम डेथचा ‘स्कम’ काढला. बीबीसी रेडिओ १ वरील जॉन पील यांनी हे संगीत उचलून धरले आणि ग्राइंडकोअर हे नाव ब्रिटनभर झाले.

१३/
वर्तुळ पूर्ण झाले ते १९८९ मध्ये. ‘स्कम’च्या दुसऱ्या बाजूवर गिटार वाजवणारा बिल स्टीअर आणि त्याच्या ‘कार्कस’ या बँडमधला सहकारी जेफ वॉकर यांनी इअरएकच्या छत्राखाली ‘नेक्रोसिस’ ही छोटी शाखा चालवली. तिच्यातर्फे रिपल्शनचे तीन वर्षांपूर्वीचे ध्वनिमुद्रण ‘हॉरिफाइड’ या नावाने अखेर प्रसिद्ध झाले. अल्बम निघाला तेव्हा त्याचे अनुयायी आधीच प्रसिद्ध झालेले होते. प्रकाशनाच्या तारखा लावून प्रभावाचा क्रम ठरवणारा अभ्यासक इथे पुरता फसेल. खरा क्रम कोण, कोणत्या महिन्यात, काय ऐकत होते यात दडलेला आहे.

१४/
मराठी वाचकाला ही समस्या नवी नाही. मुद्रणपूर्व काळात ग्रंथ लिहिला केव्हा यापेक्षा त्याच्या प्रती कोणी, कुठे, कशा उतरवल्या हे पाहिल्याविना त्याचा प्रसार कळत नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले पाठभेद दूर करून एकनाथांनी १५८४ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली; नकलांच्या परंपरेत काय काय घडते याची ती साक्ष आहे. कॅसेटीचेही तेच. प्रत्येक नकलेत सूसू असा आवाज वाढे, गाण्याचा शेवट तुटे, नावे चुकीची लिहिली जात. चौथ्यापाचव्या नकलेवर वाढलेल्या कानांना पुढे ब्लॅक मेटलचे धूसर ध्वनिमुद्रण परके वाटले नाही, तर नवल नव्हे.

१५/
या जाळ्याला केंद्र नव्हते, ही गोष्ट विशेष. ब्राझीलमध्ये १९६४ पासूनची लष्करी राजवट १९८५ मध्ये संपली. त्याच वर्षी बेलो होरिझोंते शहरातील ‘कोगुमेलो’ या रेकॉर्डींच्या दुकानाने प्रकाशनात पाऊल टाकून सेपल्तुराची पहिली गाणी बाजारात आणली. १९८७ मध्ये याच शहरातील सार्कोफागोचा ‘आय.एन.आर.आय.’ निघाला. लंडन-न्यूयॉर्कच्या समीक्षकांच्या खिजगणतीत नसलेला हा अल्बम नॉर्वेतील तरुणांनी पारायणे करून ऐकला. दक्षिणेकडील शहरातून उत्तर ध्रुवाजवळच्या देशात प्रभाव वाहत गेला, आणि मध्ये एकही सांस्कृतिक राजधानी आली नाही.

१६/
पोलादी पडद्याचेही तेच. बुडापेस्टच्या ‘टॉर्मेंटर’ने १९८८ मध्ये ‘आन्नो डॉमिनी’ ध्वनिमुद्रित केला. रीतसर प्रकाशन व्हायला १९९० चे दशक उजाडले. दरम्यान कॅसेट ऑस्लोला पोहोचली होती. ‘मेहेम’च्या गिटारवादकाने त्या आवाजाच्या धन्याला, आतिला चिहारला, पत्र लिहून बोलावले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘दे मिस्तेरीस दोम सातानास’वर जो हंगेरियन गायक ऐकू येतो, तो अशा रीतीने तिथे पोहोचला. हा अल्बम आज नॉर्वेच्या ब्लॅक मेटलचा मानदंड मानला जातो. त्याची वंशावळ बुडापेस्टमधून जाते, हे फार थोडे ध्यानात घेतात.

१७/
आता मूळ प्रश्नाकडे. या सर्व फिरत्या कॅसेटींची नोंद कुठे राहिली? फॅनझीनमध्ये. ही घरगुती नियतकालिके टंकलेखन यंत्रावर लिहून, कात्री-गोंदाने जुळवून, झेरॉक्स करून निघत. नॉर्वेतील सार्प्सबोर्ग या छोट्या शहरातून यॉन क्रिस्तियानसेन याने १९८५ मध्ये सुरू केलेले ‘स्लेअर’ हे त्यांतले सर्वांत नावाजलेले. त्याचा शेवटचा अंक २०१० मध्ये निघाला. अशा अनेक अंकांत मुलाखती आणि परीक्षणांसोबत एक चौकट असे: संपादक सध्या काय ऐकत आहे. दहा-वीस नावे, बस्स.

१८/
मुलाखतीत माणूस स्वतःला सजवून मांडतो. परीक्षणात मैत्री आणि वैर दोन्ही येतात. चौकटीतल्या यादीत मात्र सजावटीला वाव कमी. अर्थात तीही पूर्ण निर्मळ नसते. दुर्मीळ नावे पुढे करण्याचा मोह तिथेही आहेच. पण तिच्यावर अंकाचा काळ आहे, गाव आहे, व्यक्ती आहे. अमुक गावात तमुक बँड तमुक सालापूर्वी पोहोचला होता, हे सिद्ध करण्यास याहून भरवशाचा पुरावा क्वचितच मिळेल. जमाखर्चाच्या वह्यांवरून व्यापारी मार्ग शोधणाऱ्या अभ्यासकाने या चौकटींना नाक मुरडण्याचे कारण नाही.

१९/
समाजशास्त्रज्ञ कीथ कान-हॅरिस यांनी २००७ मधील आपल्या ग्रंथात एक मार्मिक भेद मांडला आहे. एक्स्ट्रीम मेटलमध्ये प्रतिष्ठा दोन वाटांनी मिळते: मर्यादाभंग करून, किंवा रोजची साधी कामे निष्ठेने करून. पत्रांना उत्तरे देणे, याद्या करणे, नवे बँड माहीत करून घेणे ही दुसरी वाट. वृत्तपत्रांना पहिली वाट दिसते, कारण तिथे रक्त आणि आग आहे. संगीताला टिकवून धरले ते मुख्यतः दुसऱ्या वाटेने चालणाऱ्यांनी.

२०/
इथे एक आक्षेप रास्त आहे. संगीत वाजवणाऱ्यांनी घडवले की याद्या करणाऱ्यांनी? प्रतिभेचे श्रेय कारकुनीला देणे हा अन्याय नव्हे काय? उत्तर असे की या इतिहासात हे दोन गट वेगळे काढताच येत नाहीत. उलरिख, शुल्डिनर, एम्बरी ही सारी मंडळी आधी पत्रे लिहिणारे श्रोते होती. झाझुला, इअरएकचे डिगबी पिअरसन किंवा कोगुमेलोचे दुकानदार यांची प्रकाशनेही ऐकण्याच्या छंदातून निघाली. प्रतिभा प्रत्येकाची स्वतःची होती. ती कोणत्या दिशेने जाईल, हे पाकिटातून आलेल्या संगीताने बरेचसे ठरवले.

२१/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. हे जाळे म्हणजे सद्गुणांचा मेळा नव्हता. कॅसेट घेऊन बदल्यात काहीच न पाठवणारे होते. फॅनझीन अशा ठकांच्या याद्या छापत, म्हणजे तिथेही जंत्रीच कामाला येई. व्यवहाराची भाषा बहुधा इंग्रजी, म्हणून ती न येणारे मागे पडत. स्त्रियांची नावे या पत्रव्यवहारात विरळ दिसतात आणि जाळ्याच्या स्मरणग्रंथांत त्याहून विरळ.

२२/
याहून काळी बाजू नॉर्वेची. १९९१ मध्ये ऑस्लोत ‘हेल्वेते’ हे दुकान निघाले आणि त्याभोवती एक आत्ममग्न टोळके जमले. कोण खरा, कोण नकली याचे निवाडे तिथे होऊ लागले. ६ जून १९९२ रोजी बर्गेनजवळचे फांटॉफ्ट येथील मध्ययुगीन लाकडी चर्च जाळण्यात आले. पुढे आणखी चर्चे जळाली. ऑगस्ट १९९३ मध्ये मेहेमच्या त्याच गिटारवादकाचा खून झाला, आणि खुनी दुसरा संगीतकार होता. ‘काय ऐकतोस’ हा प्रश्न आमंत्रण न राहता चौकशी बनला, की काय होते, हे या प्रकरणात दिसते.

२३/
विखारी वंशवादी संगीतही याच पाकिटांतून फिरले. ‘आम्ही फक्त संगीत ऐकतो’ ही सबब आजही ऐकू येते. कान-हॅरिस यांनी या वृत्तीचे वर्णन नेमके केले आहे: माहीत असूनही माहीत नसल्यासारखे वागणे. जो समुदाय बँडचा तिसरा ड्रमवादक कोण हे सांगू शकतो, त्याला त्या बँडचे राजकारण ठाऊक नसते, यावर विश्वास ठेवणे कठीण. यादी प्रसिद्ध करणे ही निवड आहे, आणि निवडीसोबत जबाबदारी येते. याद्यांचे महत्त्व मान्य करायचे तर हेही मान्य करावे लागते.

२४/
भारतीय संदर्भ थोडक्यात. कॅसेटीने उत्तर भारतातील लोकसंगीताचे काय केले, यावर पीटर मॅन्युएल यांचा १९९३ मधील ग्रंथ प्रसिद्ध आहे. स्वस्त यंत्र हाती आले की मोठ्या कंपनीची मक्तेदारी ढासळते, हा त्यातला धडा मेटललाही लागू पडतो. महाराष्ट्रात खासगी बैठकींची ध्वनिमुद्रणे रसिकांनी एकमेकांना उतरवून दिली, हे घराघरांतल्या जुन्या पेट्या उघडल्या की कळते. ‘कुणाकडून मिळाले’ हे त्या कॅसेटींच्या वेष्टनावर पुष्कळदा लिहिलेले असते. रसिकतेची रीत दोन्हीकडे सारखीच.

२५/
मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ १९८६ मध्ये सुरू झाला आणि धोबीतलावच्या रंगभवनात रॉक-मेटलच्या श्रोत्यांची एक पिढी जमली. १९९३ मध्ये अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ निघू लागले. २००० मध्ये मुंबईत ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ आणि २००३ मध्ये ‘भयानक मौत’ हे बँड उभे राहिले. या बँडांच्या आधीची वर्षे, म्हणजे कोणी कोणाला कोणती कॅसेट भरून दिली, दादर-ठाण्याच्या लोकलमध्ये वॉकमनचा एक कान कोणी कोणाला दिला, हा इतिहास अजून लिहायचा आहे. त्याचे साक्षीदार आज पन्नाशीत आहेत. त्यांच्या पेट्या रद्दीत जाण्याआधी तो लिहिला जावा.

२६/
कारण साधने नाशवंत आहेत. कॅसेटीच्या फितीवरचा चुंबकीय थर काळाने झडतो, दमट हवेत लवकर झडतो. झेरॉक्सची शाई पुसट होते. नव्या माध्यमांत सारे सुरक्षित राहील, ही समजूतही खोटी ठरली आहे. मायस्पेस या संकेतस्थळावर २००० च्या दशकात असंख्य अनोळखी बँडांनी आपली गाणी ठेवली होती; २०१५ पर्यंत चढवलेली गाणी नष्ट झाल्याची कबुली २०१९ मध्ये देण्यात आली. १९८६ चा डेमो आज मिळतो, कारण त्याच्या नकला शंभर घरांत होत्या. २००६ चा डेमो मिळेलच असे नाही, कारण तो एकाच ठिकाणी ठेवलेला होता.

२७/
दुसरा बदल अधिक सूक्ष्म. आज पुढचे गाणे यंत्र सुचवते, आणि बरेचदा चांगले सुचवते. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण यंत्राच्या सुचवणीमागे सही नसते. ती कोणी, कोणत्या गावातून, कोणत्या मनःस्थितीत केली, याचा माग राहत नाही. शिवाय ‘तू हे ऐकलेस, म्हणून ते ऐक’ हा तिचा न्याय. उरलेल्या जागेत अनोळखी माणसाने भरून पाठवलेले विचित्र काहीतरी तिच्यात सहसा बसत नाही. फ्लिंटचा बर्मिंगहॅमशी आणि बुडापेस्टचा ऑस्लोशी संबंध जुळला, तो अशा न मागितलेल्या गोष्टींमुळे.

२८/
म्हणून मेटलचे चाहते आजही हट्टाने एकमेकांना विचारत राहतात, हे बालिशपण मानू नये. ‘डार्कथ्रोन’चा ड्रमवादक फेनरिझ हा पत्रव्यवहाराच्या काळातला माणूस; स्वतःचे नाव जगभर झाल्यावरही तो वर्षानुवर्षे अनोळखी बँड लोकांना सुचवत राहिला. त्याला त्यातून विक्री साधायची नव्हती. आपल्याला जे पाकिटातून मिळाले ते पुढच्या पाकिटात घालायचे, हा जुना नियम तो पाळत होता.

२९/
या प्रतिपादनातून दोन व्यावहारिक सूचना निघतात. पहिली चाहत्यांसाठी. यादी देताना नुसती नावे देऊ नयेत. तारीख लिहावी, गाव लिहावे, कोणाकडून कळले ते लिहावे आणि एका वाक्यात काय वाटले तेही लिहावे. न आवडलेलेही नोंदवावे. यादीची एक प्रत स्वतःजवळ, कागदावर, ठेवावी. तीस वर्षांनी कोणाला तरी तिच्यावरून एखाद्या प्रभावाचा मार्ग सापडेल.

३०/
दुसरी सूचना विद्यापीठे आणि ग्रंथालयांसाठी. सनदा आणि बखरी जपल्या जातात, ते योग्यच. पण गेल्या शतकाच्या उत्तरार्धातील तरुण काय ऐकत, काय उतरवत आणि कोणाला लिहीत होते, याची कागदपत्रे सरकारी दप्तरात मिळणार नाहीत. ती पलंगाखालच्या खोक्यांत आहेत. झेरॉक्स केलेली फॅनझीन, हाताने लिहिलेल्या कॅसेट-याद्या, पत्त्यांच्या वह्या यांना संग्रहात जागा मिळाली पाहिजे, मग ते संगीत ग्रंथपालाच्या कानाला रुचो वा न रुचो.

३१/
एखाद्या तरुणाने काळ्या टीशर्टातल्या दुसऱ्या तरुणाला ‘सध्या काय ऐकतोस?’ असे विचारले, की त्या प्रश्नामागे गोंद लावलेली तिकिटे, चौथ्या नकलेची खरखर आणि कधीही न भेटलेल्या माणसांचा चाळीस वर्षांचा पत्रव्यवहार उभा असतो. उत्तर नीट द्यावे, आणि दिलेले उत्तर कुठेतरी लिहून ठेवावे.

(धागा समाप्त. ज्यांच्याकडे जुन्या कॅसेट-याद्या, पत्रे वा फॅनझीन असतील त्यांनी ती टाकून देऊ नयेत. निदान छायाचित्रे काढून तारखेसह जपून ठेवावीत.)